"बीडमध्ये दारू कमी" म्हणे!

गोदाकाठ: संशोधक ताईंनी जानेवारीत बीडच्या दोन गावांत 'ऑडिट' ही दारूचं पिणं मोजणारी प्रश्नावली भरून घेतली आणि काल 'धोकादायक पिणं अपेक्षेपेक्षा कमी' अशी पोस्ट टाकली. दुसरा प्रश्न कसा विचारलात? 'एका वेळी किती?' मग उत्तर 'एकच' येणार, म्हणजे एक क्वार्टर. अहो, देशीची क्वार्टर १८० मिली, ४२.८ टक्क्यांची. अल्कोहोल साधारण ६० ग्रॅम, म्हणजे १० ग्रॅमची सहा मापं. रोज क्वार्टर मारणाऱ्याला पहिल्या तीन प्रश्नांतच (किती वेळा पिता, एका वेळी किती मापं, सहा किंवा जास्त किती वेळा) ४, २, ४ असे १० गुण पडतात. 'एक' लिहिलं की ४, ०, ०. धोक्याची रेषा ८ गुणांची. सुटला गडी!

संशोधक: प्रश्नावली जागतिक आरोग्य संघटनेची आहे, माझ्या मनाची नाही.

बालाघाट: त्यांच्याच पुस्तिकेत स्थानिक मापं बसवा म्हटलंय. आणि हातभट्टी? पहिल्या धारेची कडक आणि शेवटची फिकी एकाच रकान्यात?

गोदाकाठ: शिवाय जानेवारीत गावात होतं कोण? दसरा-दिवाळीला गेलेल्या ऊसतोड टोळ्या पाडव्याच्या आसपास परततात. तुम्ही म्हातारी माणसं मोजलीत.

अंबाजोगाईकर: सगळे दारूवरच घसरा! बायकांना 'तंबाखू खाता का' विचारलं की 'नाही बाई'. मिश्री लावता का, विचारा. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, पूड करायची, सकाळी बोटानं हिरड्यांवर घासायची. ती 'खाणं' नव्हे, दात घासणं. सासूसमोर सून तेवढंही कबूल करत नाही.

बालाघाट: धागा दारूचा आहे.

अंबाजोगाईकर: बायकांचा विषय आला की लगेच धागा आठवतो! चूळ भरली तरी निकोटीन आत गेलेलंच असतं. गरोदरपणीही सुटत नाही. नोंदीत मात्र 'व्यसन नाही'.

गोदाकाठ: बरं, मिश्रीचं पटलं. गुटख्याचंही तेच. २०१२ पासून बंदी, त्यामुळे अनोळखी माणसापुढं पुडी खिशात.

संशोधक: झालं सगळ्यांचं? नव्वदीची आणि क्वार्टरची रिकामी बाटली हातात देऊन विचारते. मिश्रीचा प्रश्न वेगळा, सासूला बाहेर बसवून. टोळ्यांसाठी त्यांना कामावर नेणाऱ्या मुकादमाला गाठते.

बालाघाट: मुकादमाला अजिबात नको! उचल, म्हणजे आगाऊ पैसे, त्याच्या हातात, त्याच्यादेखत खरं कोण बोलणार? संध्याकाळी मोळ्या भरून झाल्यावर कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांवर जा, पण पिऊन बसलेल्याची संमती घेऊ नका. त्याला दुसऱ्या दिवशी गाठा.

संशोधक: वा! दोन-दोन फेऱ्या. गाडीभाडं आपण देताय ना, दादा?