मांजर व्यायला झाली, पिल्लू येत नाही. लवकर सांगा (नागपूर)

मनीची_माय, दुपारी १.५०
मांजर आज व्यायच्या बेतात आहे. सकाळपासून खोक्यात जाते, उकरते, बाहेर येते. काही खाल्लं नाही, तोंड उघडून धापा टाकून राहिली. पिल्लू काही येत नाही. घरात गाईच्या कॅल्शियमची बाटली आहे, किती मिली पाजू?

चीक_आणि_नाळ, १.५६
शून्य मिली. गाभणपणी वरून कॅल्शियम दिलं की हाडांतून ते काढून रक्तात पुरवायची शरीराची सवय सुस्तावते. मग व्याल्यावर दूध उतरलं की रक्तातलं कॅल्शियम घसरतं आणि मांजरीला झटके येतात. बाटली कपाटात ठेवा. आता सांगा: कितवा दिवस? पोट आवळून जोर करते की नुसती बेचैन आहे? खालून काही जातं का, कोणत्या रंगाचं? यातलं काहीच लिहिलं नाही तुम्ही.

बोका_हटाव, २.०१
उकरणं, न खाणं, येरझाऱ्या ही पहिली पायरी. ती १२ तास चालते, पहिलटकरणीत २४ सुद्धा. घड्याळ तेव्हा लावायचं जेव्हा पोटावरून लाट गेल्यासारखी दिसते आणि ती खरंच कुंथते. तशा जोरदार कळा २०-३० मिनिटं येऊनही पिल्लू नाही, तर डॉक्टर.

कसबा_पेठ, २.०४
खोक्यात ऊब हवी. ६० वॅटचा बल्ब फूटभर वर टांगा, शिवाय गरम पाण्याची पिशवी.

संत्रा_बर्फी, २.०६
मे महिन्यात नागपुरात बल्ब? पिल्लं यायच्या आधी माय शेकून निघेल ना बाप्पा.

मनीची_माय, २.१०
दिवस मोजले नाहीत. बोका कोणता तेच माहीत नाही, तर दिवस कुठून कळणार. खोका कूलरसमोरच ठेवला आहे, बल्बचं काही नाही.

चीक_आणि_नाळ, २.१५
कूलरसमोर नको. पिल्लू ओलं जन्मतं आणि पहिल्या आठवड्यात स्वतःचं अंग गरम ठेवू शकत नाही. खोक्यात २९ ते ३२ अंश लागतात. कूलरचा झोत ओल्या पिल्लावर आला की ते गारठतं, गारठलेलं पिल्लू चोखत नाही. खोका त्याच खोलीत, पण झोतापासून बाजूला ठेवा. आत गोणपाटावर जुनं सुती कापड, दमट झालं की बदला.

दुसरं म्हणजे, धापा उन्हाच्या की कळांच्या, हे आधी ठरवा. डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलीन लावून गुदद्वारात दोन सेंटिमीटर घाला. १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट नेहमीचा. ९९ च्या खाली गेला तर साधारण २४ तासांत व्यावी. १०४ च्या वर असेल तर हे बाळंतपण नाही, उष्माघात समजा आणि निघा.

बोका_हटाव, २.१८
थर्मामीटरचं फार खूळ नको. मांजरीत व्यायच्या आधी पारा उतरतोच असं नाही. उतरला तर उपयोग, नाही उतरला तर काहीच सिद्ध होत नाही. घाबरलेल्या मांजरीला पुन्हा पुन्हा टोचत बसलात तर कळा थांबतात.

गोठेवाले_काका, २.२५
एवढं कशाला? कळा वाढवायचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन अर्धा मिली. गाईला चालतं ते मांजरीला का नाही?

चीक_आणि_नाळ, २.२८
काका, पिल्लू आडवं असेल तर ते औषध गर्भाशय फाडतं. आत काय आहे ते तपासल्याशिवाय डॉक्टरही देत नाहीत. मांजरीचा डोस थेंबांत मोजतात, अर्ध्या मिलीत नाही. आणि कळा कमी व्हाव्यात म्हणून पॅरासिटामॉल कोणी सुचवायच्या आधीच सांगतो: एका गोळीत मांजर मरते.

तिरंगी_मनी, २.३३
मांजर तीन रंगांची आहे का? तीन रंगांची लक्ष्मी असते, सांभाळा.

बोका_हटाव, २.३६
लक्ष्मी असो नसो, तीन रंगांची बहुधा मादीच असते. केशरी रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. आणि एका वेतात दोन बाप असू शकतात, म्हणून केशरी नि काळं एकत्र निघालं तर गल्लीत भांडू नका.

मनीची_माय, ३.०५
रंगाचं राहू द्या!! पाणमोट (पिल्लाभोवतीची पाण्याची पिशवी) दिसते आणि आत शेपटी. उलटं आहे!

चीक_आणि_नाळ, ३.०७
उलटं येणं मांजरीत नेहमीचंच, दहात चार पिल्लं तशी येतात. हात लावू नका. अर्धं बाहेर येऊन दोन-तीन मिनिटं अडकलं तरच साबणाने हात धुऊन, ओल्या कापडाने कमरेची कातडी धरा आणि कळ आली की तिच्या टाचांच्या दिशेने, खाली वळवत हलकेच ओढा. शेपटी किंवा एकटा पाय धरून कधीच नाही.

संत्रा_बर्फी, ३.१०
आलं की पाणमोट तिनं चाटून फाडली पाहिजे. मिनिटभरात नाही फाडली तर तुम्ही तोंडाकडून फाडा, नाकतोंड पुसा, टॉवेलनं पाठ खसाखसा चोळा.

कसबा_पेठ, ३.१२
पिल्लाला धरून झटकायचं, पाणी निघतं.

संत्रा_बर्फी, ३.१३
झटकायचं नाही. मेंदूत रक्तस्राव होतो. डोकं खाली तिरकं धरून चोळलं तरी पुरतं. नाळ ती चावते. दहा मिनिटांत नाही चावली तर उकळलेल्या दोऱ्यानं पोटापासून इंचभरावर गाठ मारून गाठीच्या पुढं कापा, टोकाला बेटाडिन. डेटॉल नको, मांजरीला विषारी.

सात_घरं, ३.३०
व्याल्यावर सात घरं फिरवते म्हणून घाबरू नका. जागा तापली, माणसं डोकावली की ती हलवते. शेजाऱ्यांना पिल्लं दाखवायचा कार्यक्रम महिनाभर पुढे ढकला. आणि नसबंदी करून घ्या, दूध पाजत असतानाच पुन्हा गाभण राहते. पिल्लं आठ आठवड्यांची झाली की लगेच.

बोका_हटाव, ३.३२
मांजर व्यायला बसलेली असताना नसबंदी. शाबास.

मनीची_माय, ५.२०
तीन झाली! सगळी पीत आहेत. वजन किचनच्या काट्यावर ९५, १०२, ८८ ग्रॅम. पिल्लांमागून पडणारी वार (नाळेचा गोळा) दोनदाच दिसली.

चीक_आणि_नाळ, ५.२६
छान वजनं आहेत. रोज त्याच वेळी मोजा, १० ते १५ ग्रॅम वाढ हवी. पहिल्या दिवशी थोडं उतरलं तर चालतं, दुसऱ्या दिवशीही उतरलं तर नाही. चीक पहिल्या बारा तासांत पोटात गेलाच पाहिजे. तिसरी वार तिनं खाल्ली असेल, तरी नजर ठेवा. आत राहिली तर ताप येतो आणि दुर्गंधी स्राव.

मनीची_माय, ७.४०
अजून येतील का? मागच्या आठवड्यातल्या एक्स-रेत डॉक्टर चार म्हणाले होते.

संत्रा_बर्फी, ७.४१
हे आत्ता सांगता, ताई?

चीक_आणि_नाळ, ७.४४
मांजरीत मध्येच खंड पडतो, कधी पूर्ण दिवसाचा. ती शांत असेल, खात-पीत असेल, पिल्लांना पाजत असेल तर थांबता येतं. तशी आहे का?

मनीची_माय, ७.४६
शांत होती. पण पाऊण तासापासून जोर करून राहिली, हिरवट-काळं गेलं थोडं.

चीक_आणि_नाळ, ७.४७
थांबू नका, निघा. वार सुटली आहे आणि पिल्लू आत आहे. आधी फोन करून रात्री ऑपरेशन कोण करतं ते पक्कं करा. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातही रात्री कोणी आहे का विचारा, नाहीतर बंद दारावर अर्धा तास जायचा. एक्स-रे सोबत घ्या. कॅल्शियम पाजलं नाही हेही सांगा.

बोका_हटाव, ७.४९
तिन्ही पिल्लं सोबतच न्या, पण वेगळ्या छोट्या खोक्यात, सुती कापडात. कळा आल्या की ती लोळते, खाली चिरडतील. गाडीचा एसी त्यांच्यावर सोडू नका.

मनीची_माय, ७.५८
रिक्षा आली. भाजीची टोपली आहे, चालेल?

संत्रा_बर्फी, ७.५८
चालेल. वरून जाळी बांधा.