पास्कलकडे याचं उत्तर होतं

'देव मानायला काय जातंय, निघालाच तर फायदा' ही सतराव्या शतकातल्या पास्कल या फ्रेंच गणिती-विचारवंताची प्रसिद्ध पैज. त्यावर आक्षेप असा की विश्वास असा ठरवून बसत नाही. मान्य, पण हे पास्कललाही ठाऊक होतं. त्याच्या मृत्यूनंतर १६७० मध्ये छापलेल्या टिपणांत समोरचा हेच म्हणतो: माझा पिंडच असा की विश्वास बसत नाही, मग करू काय? त्यावर पास्कल सांगतो, विश्वास असल्यासारखं वाग. पवित्र पाणी घे, चर्चमध्ये मिस्सा (प्रार्थनाविधी) म्हणवून घे, मन मागाहून वळेल. म्हणजे 'काय जातंय' कसलं, अख्खं आयुष्यच मांडून ठेवायचंय!

माझ्या मते खरी अडचण अठराव्या शतकातल्या दिदरो या फ्रेंच तत्त्वज्ञाने दाखवली: हाच युक्तिवाद एखादा इमामही करू शकेल. मग पैज कोणावर लावायची? आपल्याकडे यावर तोडगा आहेच. बुधवारी मुंबईत माहीमच्या चर्चबाहेर बघा, नवसासाठी मेणाचं घर नाहीतर मेणाचा पाय विकत घेणाऱ्यांत हिंदू कितीतरी. आमची आत्या त्यातलीच, संकष्टी न मोडता. पास्कलच्या देवाला मात्र ही वाटणी चालली नसती.