सी-टू-सी केबलवर चार्ज होत नाही? दोष केबलचा नसेलही

'टाइप-सीचं (छोट्या लंबगोल यूएसबी सॉकेटचं) उपकरण दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या, म्हणजे सी-टू-सी केबलवर चार्ज होत नसेल तर चांगल्या कंपनीची केबल घ्या' असा सल्ला दिला जातो. फोन-लॅपटॉपपुरतं ते पटतं. पण ट्रिमर, टॉर्च, छोटे स्पीकर असल्या स्वस्त वस्तूंना २४० वॉटपर्यंत वीज नेणारी केबल आणून लावली तरी फरक पडत नाही. टाइप-सीचा चार्जर समोर वीज घेणारं उपकरण आहे अशी खूण पटल्याशिवाय वीज सोडतच नाही. ही खूण म्हणजे उपकरणाच्या सॉकेटमागचे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर (विजेला ठरावीक विरोध करणारे इवलेसे भाग). काही उत्पादक नेमके तेच गाळतात. अगदी क्षुल्लक किमतीचा भाग, आणि त्यापायी गिऱ्हाइकाला त्रास. याचा मला खरंच राग येतो. जुन्या चपट्या ए-सॉकेटमध्ये मात्र ५ व्होल्ट कायम असतात, म्हणून तीच वस्तू ए-टू-सी केबलवर (एका टोकाला ए, दुसऱ्याला सी) बिनतक्रार चालते.

आईच्या बीपी मशीनचं असंच झालं. लॅपटॉपच्या टाइप-सी चार्जरवर ढिम्म, खोक्यातल्या आखूड ए-टू-सी केबलने लगेच सुरू. दुकानदार मशीनच बदलून घ्या म्हणत होता! तेव्हा खोक्यातली ती केबल टाकून देऊ नका, आणि ए-सॉकेटचा एक साधा चार्जर घरात राहू द्या. केबलबद्दल आणखी एक: फोनमधले फोटो लॅपटॉपवर घ्यायचे असतील तर केबलच्या वॉटवर जाऊ नका. १०० वॉटच्या कित्येक केबल डेटा यूएसबी २.० च्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ४८० मेगाबिटने नेतात.