मदत हवी आहे: जिप्टिस की पेट्टा?

मंडळी, आमच्या सोसायटीतल्या मुलांना दर रविवारी एक गोष्ट सांगते. या वेळी फ्रान्समधलं मार्सेय शहर, म्हणजे जुनं मसालिया, कसं वसलं ते सांगायचं ठरवलंय आणि नायिकेपाशीच अडकलेय.

इ.स.पू. 600च्या सुमारास आशिया मायनरमधल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) फोकाइया शहरातले ग्रीक दर्यावर्दी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याला लागले. तिथल्या सेगोब्रिगी टोळीच्या नान्नस राजाच्या घरी त्याच दिवशी मुलीचं लग्न होतं. प्रथा अशी, की जेवणाला जमलेल्यांपैकी ज्याच्या हाती ती पाणी देईल तो नवरा! सगळे स्थानिक उमेदवार सोडून तिने पाहुण्या प्रोटिसला पाणी दिलं. मग राजाने जावयाला शहरासाठी जागा दिली. आपलं स्वयंवरच की, फक्त माळेऐवजी पाणी.

ही रोमन इतिहासकार जस्टिनची लॅटिन कथा. त्यात ती जिप्टिस. ॲरिस्टॉटलच्या नावावरच्या जुन्या कथेत मात्र ती पेट्टा, नवरा युक्सेनस आणि प्रोटिस चक्क त्यांचा मुलगा! शिवाय तिने प्याला युक्सेनसला मुद्दाम दिला की योगायोगाने, हेही तिथे मोघमच आहे. लग्नानंतर तिचं नाव बदलून ‘ॲरिस्टोक्सेने’ असं ठेवलं. (सासरचं नाव तिथेही सुटलं नाही!)

मला जिप्टिस आवडते, कारण निवड तिची आहे. पण जुनी कथा गाळावी का? दोन्ही सांगितल्या तर आठ-नऊ वर्षांची मुलं गोंधळतील का? कुणी अशा दुहेरी कथा मुलांना सांगितल्या असतील तर कशा सांगितल्या, ते लिहा ना. रविवारच्या आत कळलं तर बरं.