सीओईपीत मेटलर्जी की खासगी महाविद्यालयात कॉम्प्युटर : नावाला किती वजन द्यावे?

प्रश्न : औसेकर_गुरुजी

सर्वांना नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. मुलीला एमएचटी-सीईटीत ९८ च्या थोडे वर पर्सेंटाइल मिळाले असून, कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) अर्जात पहिला पर्याय कोणता लिहावा यावर आमच्या घरी आठवडाभर खल चालला आहे. गेल्या वर्षीचे कटऑफ पाहता पुण्याच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठात तिला मेटलर्जी (धातुशास्त्र) मिळण्याची शक्यता दिसते, आणि पुण्यातल्याच एका खासगी महाविद्यालयात कॉम्प्युटर मिळेल असे वाटते.

तिला स्वतःला रसायनशास्त्र मनापासून आवडते. प्रोग्रॅमिंग तिने अद्याप केलेले नाही, त्यामुळे ते आवडते की नाही हे तिलाही सांगता येत नाही. माझे मेहुणे पुण्यात आयटीत आहेत. त्यांचे म्हणणे असे की सीओईपीचे नाव मोठे असले तरी ते जुन्या पुण्याईवर चालले आहे आणि मेटलर्जी घेऊन पोरगी भट्टीसमोर उभी राहणार आहे का. दुसऱ्या बाजूला आमच्या केंद्रप्रमुखांच्या मते सीओईपीत जागा मिळत असेल तर शाखा विचारूच नये.

मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. या नावाचा आज प्रत्यक्षात काय उपयोग होतो? आणि तेथील विद्यार्थ्यांचे रोजचे जीवन कसे असते? नाटके, होड्या, महोत्सव यांविषयी इतके ऐकले आहे की मुले अभ्यास केव्हा करतात असा प्रश्न पडतो.

उत्तर : ओतकाम

गुरुजी, मी याच संस्थेतून १९९८ मध्ये मेटलर्जी घेऊन बाहेर पडलो आणि गेली बरीच वर्षे कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतण्याच्या कारखान्यात, काम करतो. म्हणजे आपल्या मेहुण्यांच्या भाषेत भट्टीसमोर उभा आहे. माझे मत त्या चष्म्यातून आलेले आहे, एवढे गृहीत धरून पुढचे वाचावे.

नावाविषयी आधी. १८५४ मध्ये ही संस्था ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ या नावाने निघाली ती सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालचे अधिकारी हवे होते म्हणून. १८८० मध्ये ती कॉलेज ऑफ सायन्स झाली आणि १९११ मध्ये कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग. विश्वेश्वरय्यांनी येथूनच १८८३ मध्ये एल.सी.ई.ची (स्थापत्य अभियांत्रिकीची) परीक्षा दिली आणि पुढे १९०३ मध्ये त्यांच्या कल्पनेतील स्वयंचलित दरवाजे खडकवासल्याच्या धरणावर बसले. पन्नासच्या दशकात विद्युत अभियांत्रिकीतील नामवंत संशोधक थॉमस कैलथ आणि कार्बन डायऑक्साइड लेसर शोधणारे कुमार पटेल येथे शिकले. मेटलर्जीचा विभाग १९४८ पासूनचा आहे. ही यादी अभिमानाची असली तरी ती वाचून प्रवेश घेऊ नये, कारण यांतील एकही माणूस आपल्या मुलीला शिकवायला येणार नाही.

नावाचा खरा उपयोग मला कळला तो नोकरीच्या तिसऱ्या वर्षी. एका ग्राहकाने आमचे ब्रॅकेट नाकारले होते आणि मी नमुना घेऊन भोसरीच्या एका कारखान्यात गेलो होतो. तिथले गुणवत्ता विभागाचे प्रमुख आमच्याच विभागात माझ्याआधी वीस वर्षे शिकलेले निघाले. त्यांनी ब्रॅकेट पास केले नाही, पण सायंकाळी सहापर्यंत थांबून ते का नापास आहे हे मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. पुणे, कोल्हापूर, चाकण या पट्ट्यात असे लोक जागोजाग आहेत. पट्टा ओलांडून बंगळूरच्या सॉफ्टवेअर कंपनीत गेलात तर ही ओळख पातळ होते, हेही तितकेच खरे.

शाखेविषयी सांगायचे तर मुलीला रसायनशास्त्र आवडते हे आपण प्रश्नात अर्ध्या वाक्यात उरकले आहे, माझ्या लेखी मात्र तीच सर्वांत महत्त्वाची माहिती आहे. मेटलर्जीच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा काय करतात ते सांगतो. ओतीव लोखंडाचा सुपारीएवढा तुकडा घ्यायचा आणि एमरी पेपरवर घासायचा. एका पेपरकडून त्याहून बारीक पेपरकडे जाताना तुकडा काटकोनात फिरवायचा, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही हे नव्या ओरखड्यांतून दिसते. मग फिरत्या मखमली कापडावर ॲल्युमिनाचे (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या बारीक भुकटीचे) पाणी टाकत तो आरशासारखा करायचा, आणि शेवटी नायटलमध्ये, म्हणजे अल्कोहोलमधल्या सौम्य नायट्रिक आम्लात, काही सेकंद बुडवायचा. एक-दोन सेकंद जास्त झाले तर पृष्ठभाग काळा पडतो आणि पुन्हा एमरी पेपरपासून सुरुवात करावी लागते. माझा पहिला नमुना चार वेळा काळा पडला होता. पाचव्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली ग्रॅफाइटच्या पाकळ्या आणि त्यांच्यामध्ये पर्लाइटच्या (लोह आणि लोह-कार्बाइडच्या एकाआड एक थरांच्या) पट्ट्या दिसल्या तेव्हा शेजारच्या मुलाला मी इतक्या जोराने हाक मारली की सर बाहेरून आत आले.

ओतताना द्रवात योग्य प्रमाणात मॅग्नेशियम घातले की त्याच पाकळ्यांचे गोळे होतात आणि तेच ठिसूळ लोखंड वाकू शकते. मॅग्नेशियमचा परिणाम काही मिनिटांत ओसरतो, त्यामुळे ओतणाऱ्याला घड्याळ पाहत राहावे लागते. ज्या मुलीला हे वाचून पुढे काय होते असे विचारावेसे वाटेल, तिने मेटलर्जी घ्यावी. जिला वाटणार नाही तिने केवळ नावासाठी घेऊ नये, कारण चार वर्षे फार लांब असतात.

उत्तर : नदीकाठची

काका, मी अंबाजोगाईची आहे आणि याच विद्यापीठातून इन्स्ट्रुमेंटेशन करून नुकतीच बाहेर पडले आहे. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला देता येईल.

पहिली गोष्ट, हे आवार शहराच्या मध्यात आहे. शिवाजीनगरचे रेल्वे स्थानक चालत जाण्याइतके जवळ आहे, लोणावळ्याची लोकल धडधडत जाते ते वर्गात कळते आणि आता मेट्रोही झाली आहे. त्यामुळे जगापासून तोडलेल्या वसाहतीचे जीवन येथे नाही. फर्ग्युसन रस्त्यावरची पुस्तकांची दुकाने, सदाशिव पेठेतील स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका, नाट्यगृहे हे सगळे विद्यार्थ्याच्या हाताशी येते. याला दुसरी बाजूही आहे. प्रवेश मिळाला म्हणजे वसतिगृहात खोली मिळालीच असे समजू नये. ती मिळाली नाही तर पेठांत कॉट बेसिसवर जागा शोधणे आणि मेस लावणे या खर्चाची तरतूद आधीच करून ठेवावी.

मुले अभ्यास केव्हा करतात हा प्रश्न माझ्या आईनेही विचारला होता. मी पहिल्या वर्षी बोट क्लबमध्ये गेले. (पुण्यात बोट क्लब रस्ता म्हणून जो आहे तो निराळ्या क्लबावरून. आमचा क्लब विद्यापीठाच्याच आवारात, मुळेच्या काठावर आहे.) पहाटे साडेपाचला वल्ही हातात घेताना पहिला महिना तळहातावर फोड येतात, ते फुटतात आणि मग घट्टे पडतात. आजही हस्तांदोलन करताना समोरच्याला ते जाणवतात आणि मला त्याचा थोडा गर्व आहे. कधी जलपर्णी इतकी माजलेली असते की नदीऐवजी हिरवे शेत दिसते, आणि वल्हे पाण्याऐवजी मुळांत अडकते. वर्षाकाठी रेगाटा, म्हणजे होड्यांचा महोत्सव, होतो. अंधार पडल्यावर मशाली लावलेल्या होड्या बाणाच्या आकारात पाण्यावरून सरकतात आणि काठावरची गर्दी गप्प होते. तो बाण वाकडा होऊ नये यासाठी किती पहाटे खर्ची पडतात हे काठावरून दिसत नाही. त्या वर्षी माझे गुण घसरले नाहीत, उलट सकाळी सातला जागे राहण्याची सवय लागल्याने पहिला तास कधी बुडाला नाही. पण हे सर्वांना जमते असे मी म्हणणार नाही. एकाच वेळी तीन क्लबांत शिरून सत्राच्या शेवटी सबमिशनसाठी रडणारी मुलेही मी पाहिली आहेत.

नाटकाचे म्हणाल तर पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत भरत नाट्य मंदिराबाहेर ‘अरे आवाज कुणाचा’ ही आरोळी एकदा ऐकली की संस्थेचे नाव म्हणजे काय ते कळते. त्यासाठी मंचावर असावे लागत नाही. मी दोन वर्षे नेपथ्याचे खिळे ठोकत होते.

आणि सगळेच नाटक-नदी नाही. २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ या रॉकेटने एकाच उड्डाणात वीस उपग्रह सोडले, त्यांत एक किलोपेक्षा कमी वजनाचा ‘स्वयम्’ आमच्या संस्थेतील विद्यार्थ्यांनी बनवलेला होता. त्याची दिशा चुंबकांच्या साह्याने, कोणतीही वीज न वापरता, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून ठेवली होती. माझ्या मते त्यातली सर्वांत शिकण्यासारखी बाब तांत्रिक नाही. काम सुरू करणारी मुले पदवी घेऊन निघून गेली तरी पुढच्या तुकड्यांनी ते उचलले, याचा अर्थ कोणीतरी नीट लिहून ठेवत होते आणि कोणीतरी ते वाचत होते. आजही कोणत्याही क्लबात गेल्यावर पहिल्या दिवशी सीनियर आपल्या हातात जुन्या नोंदी ठेवतात.

फीविषयी एक सूचना. ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी प्रवर्गातील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. कॅपमधून प्रवेश घेतल्यास ती खासगी महाविद्यालयातही लागू होते. आपण त्यात बसत असाल तर ‘सरकारी म्हणजे स्वस्त’ हा मुद्दा तुलनेतून बराचसा गळून पडतो. उत्पन्नाचा दाखला मात्र आजच काढायला टाका.

उत्तर : शून्य_एक

वरील दोन्ही उत्तरे प्रामाणिक आहेत, परंतु ती त्या संस्थेवर प्रेम असणाऱ्यांची आहेत. मी दुसऱ्या तीरावरचा आहे. मी एका खासगी महाविद्यालयातून कॉम्प्युटर केले. त्याचे नाव घेत नाही, आणि घेतले तरी आपण ऐकलेले नसेल. तेथे पहिल्या वर्षी आम्ही ड्रॉईंगच्या शीटांची जीटी मारली, म्हणजे काचेखाली बल्ब लावून एकाची शीट चाळीस जणांनी उतरवली, आणि तपासणाऱ्यांनी चाळीसही शीटांवर त्याच जागी तीच चूक असताना सह्या केल्या. क्लब कागदावर होते. पहिल्या नोकरीसाठी एका कंपनीचा ऑनलाइन अर्ज भरताना महाविद्यालयांच्या यादीत आमचे नावच नव्हते, मला ‘इतर’ हा पर्याय निवडावा लागला. त्या ‘इतर’चा सल मला पुढे दोन वर्षे होता, त्यामुळे नावाला काही किंमत नसते असे मी तरी म्हणणार नाही.

तरीही कॉम्प्युटर घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही, कारण मला ते काम आवडत होते आणि रात्री स्वतः बसून शिकता येत होते. संगणकाच्या शिक्षणाला लॅपटॉप आणि चिकाटी पुरते. मेटलर्जीसाठी भट्टी, सूक्ष्मदर्शक आणि ते हाताळू देणारा विभाग लागतो, आणि ते घरी उभे करता येत नाही. गुरुजी, या अंगाने कोणी विचार करत नाही म्हणून मुद्दाम लिहिले : ज्या विषयाला प्रयोगशाळा लागते तो चांगल्या संस्थेत शिकावा.

मात्र मनातून कॉम्प्युटरच हवे असून ‘आधी सीओईपीत शिरू, मग शाखा बदलू किंवा सॉफ्टवेअरच्या नोकरीला बसू’ असा बेत असेल तर तो करू नये. शाखाबदल रिक्त जागांवर अवलंबून असतो. कॅम्पसला येणाऱ्या काही कंपन्या सर्व शाखांना बसू देतात, काही देत नाहीत, आणि ज्या देतात त्यांच्या मुलाखतीत नाव दाराबाहेर राहते. आत लिंक्ड लिस्ट (प्रोग्रॅमिंगमधली साखळीसारखी यादी) उलटी करून दाखवावी लागते. कोणत्याही संस्थेला विचारताना सर्वाधिक पॅकेज विचारू नका, शाखानिहाय मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधला पगार) विचारा, आणि शाखेतल्या किती जणांपैकी तो काढला आहे तेही विचारा.

औसेकर_गुरुजी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तरे मोठ्याने वाचून दाखवली. ‘इतर’ या शब्दावर मेहुणे गप्प झाले, मध्यकावर पुन्हा बोलू लागले. मुलगी मात्र नमुना काळा का पडतो यावर अडकली आहे. अर्जासंबंधी एक शंका राहिली : दोन्ही पर्याय वर-खाली लिहून पहिल्या फेरीत काय मिळते ते पाहावे आणि मग ठरवावे, असे करता येईल का?

शून्य_एक

सावध राहा. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर ती जागा आपोआप फ्रीझ (पक्की) होते, पुढच्या फेरीत बेटरमेंट, म्हणजे त्याहून वरचा पर्याय, मागता येत नाही. म्हणून निर्णय अर्ज भरण्याआधी घ्या, आणि जे खरोखर हवे तेच क्रमांक एकवर लिहा.

औसेकर_गुरुजी

समजले. अर्ज निश्चित करायला अजून चार दिवस आहेत. ओतकाम यांना मुलीचा प्रश्न तिच्याच शब्दांत देतो : नायटल घरी बनवता येते का?

ओतकाम

तिला म्हणावे, मुळीच बनवू नकोस. नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोल एकत्र करण्याची एक रीत असते, प्रमाण चुकले तर ते मिश्रण भडकू शकते. शनिवारी आमची भट्टी चालू असते आणि प्रयोगशाळेत तयार नायटलही असते. आपण दोघे एसटीने सकाळी कोल्हापुरात उतरलात तर शिरोलीपर्यंत न्यायला मी गाडी पाठवतो. पायात बंद बूट असावेत आणि ओढणी घरी ठेवावी. दोन तुकडे घासून तयार ठेवतो, बुडवायचे काम तिने करावे.