नुसते संगणक ठेवून भागणार नाही

वस्तीत चार जुने संगणक ठेवले की मुलं आपोआप शिकतील, असं काही जण म्हणतात. १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजीत शिक्षण-संशोधक सुगत मित्रा यांनी भिंतीत संगणक बसवला, तेव्हा मुलं खरंच कुणी न शिकवता तो चालवायला लागली. पण अशा उघड्यावरच्या संगणकापाशी मोठ्या मुलग्यांचीच गर्दी होते, मुली मागे राहतात.

मला ब्राझीलची वाट जास्त पटते. रिओच्या डोना मार्टा टेकडीवरच्या झोपडवस्तीत १९९५ मध्ये रॉड्रिगो बाजिओंनी दान आलेल्या संगणकांवर वर्ग सुरू केला. संगणक आणि प्रशिक्षण बाजिओंच्या संस्थेचं, पण शिकवायचं आणि केंद्र चालवायचं वस्तीतल्याच लोकांनी. यामागे ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांचा विचार: आपल्या वस्तीचा प्रश्न घ्यायचा आणि तो मांडायला संगणक वापरायचा. त्यावर पत्रक तयार करता करता टायपिंग येतंच!

आपल्याकडे कुणी सुरू करणार असेल, तर आधी वस्तीतल्याच दोन-तीन मुलींना शिकवायला तयार करा. वर्गाची वेळ त्यांच्या आयांना विचारून ठरवा. पाणी यायच्या वेळी वर्ग ठेवला तर कोण येणार? आणि दुरुस्तीचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढा.