काउंटरटेनरने फ्रेंच मेलोदी गावी का? फिलिप जारुस्कीच्या ध्वनिमुद्रणांवर चर्चा

सांध्यराग:
फिलिप जारुस्की हा फ्रेंच काउंटरटेनर, म्हणजे फॉल्सेटो कमावून स्त्रीस्वराच्या पट्टीत गाणारा पुरुष गायक. त्याच्या ध्वनिमुद्रणांत दोन वेगळे प्रवाह दिसतात. एक बरोक काळातल्या (साधारण १६०० ते १७५० च्या युरोपातल्या) धार्मिक संगीताचा आहे. त्यात विवाल्डीच्या रचनांचा ‘पिएता’ (२०१४) आणि फ्रायबुर्ग बरोक ऑर्केस्ट्रासोबतचा बाख व टेलेमान यांच्या कॅन्टाटांचा, म्हणजे वाद्यवृंदासह गायच्या अनेक भागांच्या रचनांचा, संग्रह (२०१६) येतो. दुसरा फ्रेंच मेलोदीचा, म्हणजे पियानोच्या साथीने गायच्या काव्यगीतांचा आहे. त्यात ‘ओपियम’ (२००९) आणि फ्रेंच कवी व्हर्लेनच्या कवितांवरचा ‘ग्रीन’ (२०१५) हे दोन संच मोडतात. दोन्ही मी अनेकदा ऐकले आहेत आणि माझे मत असे झाले आहे की पहिल्या प्रवाहात हा आवाज संगीताला काही देतो, तर दुसऱ्यात संगीताकडून काही काढून घेतो.

‘पिएता’मधले ‘स्ताबात मातेर’ घ्या. क्रुसाखाली उभ्या असलेल्या मेरीच्या दुःखाचे हे लॅटिन स्तोत्र वीस कडव्यांचे आहे आणि विवाल्डीने त्यातली पहिली दहाच घेतली आहेत. शिवाय पहिल्या तीन भागांचे संगीत तो पुढच्या तीन भागांत जसेच्या तसे परत वापरतो. तीच चाल, तोच संथपणा, फक्त शब्द निराळे, त्यामुळे गायकाजवळ नाट्य दाखवायला जागाच उरत नाही. जारुस्कीचा कंपविरहित, सरळ लावलेला स्वर इथे नेमका बसतो. सातव्या भागात खालचे वाद्य गप्प होते, व्हायोलिनांची तुटक, झटके देणारी लय तेवढी राहते, आणि तिच्यावरून तो एकेक स्वर असा धरून नेतो की दुःख कोणा एका व्यक्तीचे राहत नाही.

मेलोदीचे मात्र सगळे मर्म बोलण्यात आहे. कवितेतला प्रियकर कोणाच्या तरी कानाशी बोलत असतो. फॉल्सेटोत स्वरतंतूंच्या फक्त कडा थरथरतात, तंतू पूर्ण मिटत नाहीत, म्हणून आवाजात उपस्वर कमी असतात आणि खालच्या स्वरांत शब्दाला वजन येत नाही. रेनाल्डो आन या संगीतकाराच्या ‘आ क्लोरिस’मध्ये गेरार सूझेसारखा बॅरिटोन, म्हणजे मध्यम-खालच्या आवाजाचा पुरुष गायक, ज्या ओळी बोलण्याच्या पट्टीत सहज म्हणू शकतो, त्या ओळी जारुस्कीच्या गळ्यात सुंदर होतात, पण बोललेल्या वाटत नाहीत.

अनाहत:
आपण ऐकता बारकाईने, याबद्दल वाद नाही, परंतु आपल्या मांडणीत एक गृहीतक लपलेले आहे की बरोक धर्मसंगीत हे काउंटरटेनरचे माहेरघर आहे. इतिहास तसे सांगत नाही. व्हेनिसच्या ‘पिएता’ नावाच्या अनाथालयात विवाल्डीच्या रचना मुली आणि स्त्रियाच गात असत. ‘स्ताबात मातेर’ १७१२ साली ब्रेशाच्या एका चर्चसाठी झाले, तिथे पुरुषच गायले असणार हे खरे. पण तो पुरुष कास्त्रातो (लहानपणीच खच्चीकरण करून उंच आवाज टिकवलेला गायक) होता की फॉल्सेटो गाणारा, हे त्या स्वरलिपीवरून ठरवता येत नाही. आणि कास्त्रातोचा आवाज म्हणजे फॉल्सेटो नव्हे. अलेसांद्रो मोरेस्की या कास्त्रातोची १९०२ आणि १९०४ ची रोममधली ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत, ती ऐकली की दोन आवाजांतले अंतर लगेच कळते. लाइपझिगमध्ये बाखच्या कॅन्टाटा चर्चमध्ये स्त्रिया गात नसत; अल्टो, म्हणजे सोप्रानोच्या खालचा उंच स्वरभाग, गाणारी मुले किंवा तरुण विद्यार्थी असत.

आज आपण ज्याला काउंटरटेनरचा एकल आवाज म्हणतो, तो विसाव्या शतकात अल्फ्रेड डेलरने उभा केला. कँटरबरी कॅथेड्रलच्या गायकवृंदातला हा माणूस दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मायकेल टिपेट या इंग्रज संगीतकाराच्या कानावर पडला आणि सतराव्या शतकातल्या पर्सेलची गाणी नव्याने लोकांसमोर आली. म्हणजे जारुस्की जितका विवाल्डीत नवा, तितकाच आनमध्येही नवा. मग एका ठिकाणी त्याला परवाना आणि दुसऱ्या ठिकाणी हरकत, हे कोणत्या न्यायाने?

आपल्याच यादीतले आणखी एक उदाहरण देतो. ‘इश हाबे गेनुग’ हा कॅन्टाटा १७२७ साली बाखने खर्जातल्या बास आवाजासाठी लिहिला. बाळ येशूला पाहून मरायला तयार झालेल्या वृद्ध सिमेऑनचे ते मनोगत आहे. पुढे १७३१ च्या सुमारास बाखनेच ते सोप्रानोसाठी, म्हणजे सर्वांत उंच आवाजासाठी, बदलले, ओबो या सुषिर वाद्याच्या जागी बासरी आणली. म्हाताऱ्या पुरुषाचे शब्द उंच गळ्यात घालायला खुद्द बाखची हरकत नव्हती.

मध्यलय:
अनाहत यांच्या मुद्द्यात फोरे या फ्रेंच संगीतकाराची भर घालतो. फोरेची गाणी वीस-वीसच्या तीन संग्रहांत प्रसिद्ध झाली आणि ती उंच व खालच्या आवाजांसाठी वेगवेगळ्या पट्ट्यांत छापली गेली. आपल्याकडे गायक काळी एक, काळी चार अशी स्वतःची पट्टी निवडतो, त्याहून हे फार वेगळे नाही. रेजीन क्रेस्पाँसारखी सोप्रानो पुरुषाच्या तोंडची कविता गाते तेव्हा कोणी कवितेतला बोलणारा हरवला असे म्हणत नाही. आन स्वतः तर मोठ्या आवाजाचा गायक नव्हताच. हलक्या बॅरिटोनमध्ये, स्वतःच पियानो वाजवत तो सलोंमध्ये, म्हणजे घरगुती बैठकींत, गात असे. त्या छोट्या खोलीला साजेसा आवाज हाच मेलोदीचा खरा निकष असेल, तर जारुस्की त्यात नक्की बसतो.

या निमित्ताने एक जाता जाता: अशा चर्चेत बालगंधर्वांचे नाव निघतेच, परंतु ते इथे लागू पडत नाही. ते स्त्रीभूमिका करीत. ‘स्ताबात मातेर’ गाणारा काउंटरटेनर कोणाचीच भूमिका करीत नाही.

सांध्यराग:
उत्तर देतो. क्रेस्पाँचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. तिच्या मधल्या सप्तकातले स्वर हे तिच्या बोलण्याच्या आवाजाला लागूनच असतात, म्हणून शब्द जड, ओलसर, माणसाचा राहतो. माझा आक्षेप पुरुष की स्त्री हा नाहीच, आवाज बोलण्याच्या ठिकाणाहून किती दूर नेला जातो एवढाच आहे. जारुस्कीने आनचे गाणे उंच पट्टीत नेले की खालचे स्वर टळतात खरे, पण बोलणेही टळते.

सिमेऑनच्या बाबतीत बाख सोप्रानोला बोलावतो, कारण चर्चमधले मनोगत शेवटी प्रत्येक श्रद्धावानाचे असते. कोण म्हणतो यापेक्षा काय म्हणतो हे मोठे. मेलोदीत उलटे आहे. आणि इतिहासाचे म्हणाल, तर कास्त्रातोंच्या आधी सोळाव्या शतकात पोपच्या गायकवृंदात स्पॅनिश फॉल्सेटो गायक होतेच, त्यामुळे चर्च आणि हा आवाज यांचे नाते डेलरपासून सुरू होत नाही.

कोमल_ऋषभ:
‘मेलोदी म्हणजे बोलणे’ हे विधान सगळ्या गीतांना लावता येत नाही असे मला वाटते. फोरेचे ‘क्लेर द ल्यून’ (१८८७) ऐका. पियानो आधी आपला मिन्युएट (एका जुन्या दरबारी नृत्याची चाल) पूर्ण वाजवतो आणि गायक मध्येच, जणू दुसऱ्याच विचारात असल्यासारखा, त्यात शिरतो. चाल पियानोकडे आहे, आवाज हा तिच्याशेजारून जाणारा दुसरा धागा आहे. इथे शब्दांना ओल आणि वजन आणले तर ते गाणे बिघडते. थंड, थोडा परका असा जारुस्कीचा स्वर व्हर्लेनच्या मुखवटे घातलेल्या नर्तकांना शोभतो. ‘ग्रीन’मध्ये याच कवितेची फोरे आणि देब्युसी या दोन संगीतकारांची गीते एकत्र येतात, हा त्या संचाचा मोठा गुण आहे, कारण एकच गळा दोन संगीतकारांपुढे किती वेगळा ठरतो ते तिथेच दिसते. देब्युसीत मात्र काही ठिकाणी मला सांध्यराग यांच्यासारखीच उणीव जाणवते.

‘आ क्लोरिस’विषयी मी ठामपणे विरुद्ध आहे. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या या गाण्याचे शब्द सतराव्या शतकातल्या तेओफील द व्हिओचे आहेत. पियानोचा डावा हात बाखच्या प्रसिद्ध ‘एअर’च्या वळणाने पायरी पायरीने खाली उतरतो, उजवा हात त्यावर जुन्या धाटणीची नक्षी काढतो. आनने मुद्दामच आपल्या काळाकडे पाठ करून बरोककडे पाहिले आहे. सांध्यराग ज्या आवाजाला विवाल्डीत दाद देतात, त्या आवाजाला बोलवायला याहून योग्य मेलोदी मला सुचत नाही.

सांध्यराग:
डाव्या हाताबद्दल पूर्ण सहमत, आणि फोरेबाबतचा मुद्दा मी पुन्हा ऐकून पाहीन. पण तेओफीलचा प्रियकर ‘तुझे माझ्यावर प्रेम आहे हे खरे असेल तर’ असे म्हणून सुरुवात करतो, आणि त्या ‘तर’मधली शंका मला अजून कोणत्याही काउंटरटेनरकडून ऐकू आलेली नाही.